वाचकांचे प्रश्न : हातातल्या गेम कन्सोलला मोठी बॅटरी

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावर आहेत. हातात धरून खेळायच्या कन्सोलची जुनी बॅटरी काढून तिच्या जागी जास्त क्षमतेची बॅटरी बसवता येईल का, आणि बसवली तर खरोखरच खेळण्याचा वेळ वाढतो का, असे त्यांत विचारले आहे. म्हणून या वेळचे सदर या एकाच विषयाला दिले आहे. पत्रे थोडक्यात छापली आहेत. उत्तरे मात्र जिथे गरज वाटली तिथे सविस्तर दिली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे निन्टेन्डो थ्रीडीएस आहे. त्याची मूळ बॅटरी १३०० एमएएचची (मिलिअँपिअर-तास, म्हणजे बॅटरीच्या क्षमतेचे माप) असून ती आता दीड तासही टिकत नाही. अगदी त्याच आकाराची, पण वर २६०० एमएएच असे छापलेली बॅटरी मिळते आहे. ती बसवल्यास दुप्पट वेळ खेळता येईल का?

दुप्पट वेळ मिळणार नाही. आणि तरीही ती बसवल्यावर तुम्हाला दुप्पट वेळ मिळाल्यासारखे वाटण्याची दाट शक्यता आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असू शकतात, हे ध्यानात आले की अशा बहुतेक दाव्यांचा उलगडा होतो.

आधी आकड्याकडे पाहू. बॅटरीत साठणारी ऊर्जा वॅट-तासांत मोजतात. एमएएचचा आकडा १००० ने भागून व्होल्टने गुणला की वॅट-तास मिळतात. तुमच्या मूळ बॅटरीचे ३.७ व्होल्ट धरून सुमारे ४.८ वॅट-तास होतात, तर २६०० एमएएचचे ९.६. तेवढ्याच प्लास्टिकच्या डबीत दुप्पट ऊर्जा मावायची, तर आतल्या रसायनात तशी प्रगती झालेली हवी, आणि ती झालेली नाही. टॉर्च आणि लॅपटॉपमध्ये वापरला जाणारा १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा दंडगोल सेल घ्या. १९९०च्या दशकाच्या मध्यावर तो ११०० एमएएचच्या आसपास असे. २०११ साली, म्हणजे तुमचा कन्सोल बाजारात आला तेव्हा, त्याची मजल ३१०० पर्यंत गेलेली होती, आणि आज उत्तमोत्तम सेलही ३५०० च्या आगेमागे थांबतात. २०११ पासूनची ही वाढ पाहता, त्याच आकारात वीस-पंचवीस टक्के जास्त क्षमता कोणी सांगितली तर मी ती मान्य करीन. शंभर टक्के कोणी सांगितली तर ती छापखान्यातली वाढ आहे, असे समजेन.

खुद्द उत्पादकांचीही यातून सुटका झालेली नाही. सोनीने पीएसपी या आपल्या हातातल्या कन्सोलचे सडपातळ मॉडेल काढले तेव्हा बॅटरी १८०० वरून १२०० एमएएचवर आणली. पुढे ज्यांना जास्त वेळ हवा होता त्यांच्यासाठी कंपनीनेच २२०० एमएएचची बॅटरी विकली, पण तिच्याबरोबर पाठीमागचे फुगीर झाकणही द्यावे लागले, कारण ती मूळ झाकणाखाली बसतच नव्हती. खरी जास्त क्षमता अशी डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते.

मग वेळ दुप्पट झाल्यासारखा का वाटतो? कारण तुलना जुन्या, थकलेल्या बॅटरीशी होते. तुमचा कन्सोल नवा असताना थ्रीडीएसचे खेळ ३ ते ५ तास चालतील असे निन्टेन्डोने सांगितले होते. आज तुम्हाला दीड तास मिळतो. अशा स्थितीत १३०० एमएएचची नवी आणि प्रामाणिक बॅटरी बसवली, तरी वेळ दुपटीहून वाढेल. २६०० छापलेल्या बॅटरीत प्रत्यक्षात १२००च असतील, तरी तुम्ही समाधानाने म्हणाल की आकडा खरा आहे. जुन्या बॅटरीची झीज नव्या बॅटरीच्या खोट्या लेबलाला असे प्रमाणपत्र देते, आणि या बॅटऱ्यांना मिळणारी कितीतरी चांगली मते याच कारणाने मिळतात, असे माझे मत आहे.

पारख घरी करता येते. चांगल्या लिथियम-आयन सेलला एका वॅट-तासामागे साधारण ४ ते ५ ग्रॅम वजन लागते. म्हणजे ९.६ वॅट-तासांची बॅटरी ३८ ग्रॅमपेक्षा हलकी असू शकत नाही, आणि वरची डबी व सर्किट धरले तर ती आणखी भारी हवी. नवी बॅटरी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा, मग मूळ बॅटरी ठेवा. दोन्ही सारख्याच वजनाच्या निघाल्या, किंवा नवीच हलकी निघाली, तर पुढे काही मोजायची गरज नाही. वजन जास्त भरले म्हणून मात्र लगेच विश्वास ठेवू नका, कारण वजन वाढवण्यासाठी आत निरुपयोगी भर घातल्याची उदाहरणे आहेत. त्यानंतरची कसोटी घड्याळाची आहे. पूर्ण चार्ज करून, पडद्याचा उजेड एका ठरावीक पातळीवर ठेवून, वायरलेस आणि थ्रीडी बंद करून एकच खेळ कन्सोल बंद पडेपर्यंत चालू ठेवा, आणि मिळालेला वेळ कन्सोल नवा असतानाच्या वेळेशी ताडून पाहा. गेल्या आठवड्यातल्या दीड तासाशी नव्हे.

माझा सल्ला असा की मूळ क्षमतेचीच, भरवशाच्या ठिकाणची, अलीकडे तयार झालेली बॅटरी घ्या. मूळ कंपनीची असली तरी वर्षानुवर्षे गोदामात पडून राहिलेली बॅटरी वापराविनाही झिजलेली असते, त्यामुळे शक्य असेल तर उत्पादनाची तारीख पाहूनच घ्या.

प्रश्न : २०१७ साली घेतलेल्या निन्टेन्डो स्विचमध्ये मी दुसऱ्या कंपनीची ६००० एमएएच छापलेली बॅटरी बसवली. आता टक्केवारीचा मेळ बसत नाही. कधी १५ टक्के दाखवत असतानाच कन्सोल बंद पडतो, तर कधी १ टक्क्यावर बराच वेळ चालतो. बिघाड बॅटरीत आहे की कन्सोलमध्ये?

तुम्ही लिहिलेली दोन लक्षणे वेगवेगळ्या कारणांची आहेत, म्हणून ती वेगळी पाहू.

पडद्यावरची टक्केवारी म्हणजे थेट मोजलेली गोष्ट नसून तो एक हिशेब असतो. कन्सोलमधली एक छोटी चिप बॅटरीत किती विद्युतभार आला आणि किती गेला याची नोंद ठेवते, व्होल्टेजशी ती पडताळून पाहते, आणि मूळ बॅटरीच्या क्षमतेच्या आधारे टक्के सांगते. तुमच्या कन्सोलचा हा हिशेब ४३१० एमएएचच्या बॅटरीसाठी मांडलेला आहे. बॅटरी बदलली की चिपला ते लगेच कळत नाही. नवी बॅटरी खरोखरच मोठी असेल, तर हिशेबाप्रमाणे ती संपत आलेली असते, पण प्रत्यक्षात तिच्यात भार शिल्लक असतो, आणि १ टक्क्यावर कन्सोल चालत राहतो. पूर्ण चार्ज करून तो तसाच काही वेळ जोडून ठेवणे आणि मग संपेपर्यंत वापरणे, असे दोन-तीनदा केल्यास हिशेब बराचसा जुळून येतो.

१५ टक्क्यांवर अचानक बंद पडणे हे मात्र मला जास्त काळजीचे वाटते. कन्सोलवर एकदम भार आला, म्हणजे खेळातले एखादे जड दृश्य सुरू झाले, की बॅटरीचे व्होल्टेज क्षणभर खाली येते. सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे विजेच्या प्रवाहाला सेलच्या आतच होणारा अडथळा, कमी असेल तर ही घसरण थोडी असते. हलक्या प्रतीच्या सेलमध्ये ती इतकी मोठी असते की कन्सोल स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. हिशेब जुळवून घेतल्यानंतरही असे होत राहिले, तर बॅटरी बदला. ६००० या आकड्यावर तर माझा विश्वास नाहीच, कारण त्याच खाचेत एवढी ऊर्जा मावत असती तर ती कंपनीने सोडली नसती.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बॅटरी खरोखर मोठी असली तरी चार्जिंगचा वेग कन्सोलच ठरवतो, त्यामुळे चार्ज व्हायला त्या प्रमाणात जास्त वेळ लागतो. चार्जिंगच्या अनेक सर्किटांत सुरक्षेसाठी वेळेची मर्यादाही घातलेली असते. ती संपली की बॅटरी भरली नसतानाही चार्जिंग थांबू शकते.

तुमच्या २०१७च्या मॉडेलविषयी एक माहिती या प्रश्नाच्या मुळाशी जाते. त्या स्विचचा खेळण्याचा वेळ अडीच ते साडेसहा तास सांगितलेला होता. २०१९ साली सुधारित मॉडेल आले आणि तो वेळ साडेचार ते नऊ तास झाला. बॅटरी मात्र तीच, ४३१० एमएएचची, राहिली. बदलली ती आतली प्रोसेसरची चिप, जी अधिक बारीक तंत्राने घडवलेली असल्यामुळे तेवढेच काम कमी विजेत करू लागली. मोठ्या बॅटरीमागे धावताना ऊर्जा किती साठते याचा जेवढा विचार होतो, तेवढा ती कशात खर्च होते याचा होत नाही. पडद्याचा उजेड दोन पायऱ्या उतरवणे आणि गरज नसताना वायरलेस बंद ठेवणे हे उपाय साधे दिसतात, पण लेबलावरच्या वाढीव आकड्यांपेक्षा ते जास्त खरे आहेत. प्रवासासाठी वेळ हवा असेल, तर कन्सोल उघडण्याऐवजी १०,००० एमएएचची चांगली पॉवर बँक बाळगा. तिच्यात सुमारे ३७ वॅट-तास असतात आणि मधली गळती धरूनही १६ वॅट-तासांचा स्विच दीडेक वेळा भरता येतो.

प्रश्न : मला सोल्डरिंगची सवय आहे. गेम बॉय अ‍ॅडव्हान्स एसपीच्या ६०० एमएएचच्या बॅटरीऐवजी, कन्सोलला मागून जाड झाकण लावून, मोठा पाऊच सेल बसवण्याचा विचार आहे. कोणती काळजी घ्यावी?

हा मार्ग प्रामाणिक आहे, कारण यात जास्त क्षमतेसाठी जास्त जागा दिली जाते. पण इथे बॅटरीच्या कठीण डबीचे संरक्षण जाते आणि चांदीच्या वर्खासारख्या पातळ पिशवीतला उघडा सेल तुमच्या हाती येतो. म्हणून मी थोडे विस्ताराने लिहितो.

सेलवर बहुधा सहा आकडी क्रमांक असतो आणि त्यातच त्याचे माप असते. ५०३०४० म्हणजे ५.० मिलिमीटर जाड, ३० मिलिमीटर रुंद आणि ४० मिलिमीटर लांब. हा सेल सर्रास ६०० एमएएचचा मिळतो. ६०३४५० हा साधारण १००० एमएएचचा असतो. दोन्हींचे घनफळ काढून पाहिले तर दर घन सेंटिमीटरमागे सुमारे १०० एमएएच पडतात. उत्तम सेलमध्ये हे प्रमाण जास्त असते, पण लहान आकारात दुपटीचा दावा दिसला की तो सेल बाजूला ठेवावा. याच हिशेबाने तुमच्या झाकणाखाली किती क्षमता मावेल, याचा अंदाज सेल मागवण्यापूर्वीच घेता येईल.

जागा मोजताना सेलच्या जाडीएवढीच मोजू नका. पाऊच सेल वापराबरोबर किंचित जाड होतो, म्हणून जाडीच्या दहाव्या भागाएवढी तरी मोकळीक वर ठेवा. झाकण लावताना ते दाबावे लागत असेल, तर सेल बसलेला नाही असेच समजा. झाकणाच्या आतल्या बाजूला स्क्रूसाठी असलेले प्लास्टिकचे खुंट, त्यांच्या कडा आणि सर्किटबोर्डावर वर आलेली सोल्डरची टोके यांवरून बोट फिरवून पाहा. बोटाला जे टोचते ते त्या पातळ पिशवीलाही टोचेल, आणि कन्सोल हातात दाबून खेळताना रोज टोचेल. असे खुंट कापून घासून घ्या आणि सेलभोवती उष्णता सहन करणारी चिकटपट्टी गुंडाळा.

सेलला स्वतःचे संरक्षक सर्किट असलेच पाहिजे. सेलच्या वरच्या काठाशी पिवळ्या पट्टीखाली एक अरुंद हिरवा बोर्ड असतो, तेच ते. व्होल्टेज मर्यादेपेक्षा वर गेले, फार खाली गेले किंवा तारा एकमेकींना चिकटल्या, तर ते सेलची जोडणी तोडून टाकते. तारा या बोर्डाच्या टोकांनाच जोडा. सेलच्या पत्र्याला थेट डाग देऊ नका, कारण ती उष्णता आत पोहोचते.

सेल कोणत्या व्होल्टेजपर्यंत चार्ज होणारा आहे, हे वाचून घ्या. नेहमीचे लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्टपर्यंत भरतात. काही नवे सेल ४.३५ किंवा ४.४ व्होल्टपर्यंत भरण्यासाठी केलेले असतात आणि त्यांच्यावरचा एमएएचचा आकडा त्या व्होल्टेजला धरून असतो. जुना कन्सोल ४.२ लाच थांबतो, त्यामुळे अशा सेलची पूर्ण क्षमता मिळणार नाही, मात्र धोकाही नाही. उलटा प्रकार, म्हणजे जास्त व्होल्टेज देणाऱ्या कन्सोलमध्ये ४.२ चा सेल घालणे, हा धोकादायक आहे आणि तो कधीही करू नये.

मूळ बॅटरीला दोनाऐवजी तीन टोके असतील, तर तिसरे टोक बहुधा तापमान सांगणाऱ्या थर्मिस्टरचे असते. शून्य अंशाखाली किंवा ४५ अंशांवर सेल चार्ज होऊ नये म्हणून कन्सोल त्याच्याकडे पाहत असतो. काही जण त्या जागी एक साधा रोधक लावून कन्सोलला तापमान कायम सामान्य असल्याचे भासवतात. कन्सोल चालतो, यात शंका नाही. पण सेल तापू लागला तर ते ओळखणारे तिथे कोणीच उरत नाही. तीन तारांचा, थर्मिस्टर असलेला सेल मिळतो. थोडा शोध घ्यावा लागला तरी तोच घ्यावा.

आता प्रत्यक्ष काम. सुरुवातीला बॅटरी २५ टक्क्यांच्या आसपास येऊ द्या, कारण चुकून इजा झालीच तर कमी भरलेला सेल कमी भडकतो. तारा एका वेळी एकच कापा. कात्रीचे पाते दोन्ही तारांवर एकदम पडले, तर पात्यातूनच जोडणी होते. लाल तार धन आणि काळी ऋण हे गृहीत धरून कनेक्टर लावू नका. दिसायला हुबेहूब सारखे असलेले पांढरे कनेक्टर उलट्या जोडणीचे निघतात, म्हणून आधी मल्टिमीटरने दोन्ही बाजू तपासा. पहिले पूर्ण चार्जिंग झाकण न लावता, समोर बसून करा आणि दर दहा मिनिटांनी सेलला हात लावून पाहा. कोमट लागला तर हरकत नाही. हात ठेवावासा वाटणार नाही इतका तापला, तर लगेच चार्जर काढा.

प्रश्न : पहिल्या गेम बॉयमध्ये चार पेन्सिल सेल लागतात. त्या आकाराचे लिथियमचे ३.७ व्होल्टचे सेल मिळतात. ते घातले तर जास्त वेळ चालेल ना?

मुळीच घालू नका. गेम बॉयला १.५ व्होल्टचे चार सेल, म्हणजे ६ व्होल्ट अपेक्षित आहेत. ३.७ व्होल्टचे चार सेल एकापुढे एक लावले की १४.८ व्होल्ट होतात आणि कन्सोल जळण्याची भीती असते. पेन्सिल सेलच्या मापात चपखल बसणे हीच या सेलची फसगत आहे. निकेल-मेटल हायड्राइडचे २००० ते २५०० एमएएचचे पुन्हा चार्ज होणारे सेल वापरा. त्यांचे व्होल्टेज १.२ असले तरी गेम बॉय त्यांवर नीट चालतो. फक्त शेवटी त्यांचे व्होल्टेज एकदम घसरते, त्यामुळे बॅटरीचा लाल दिवा मंद होऊ लागला की खेळ जतन करायला फार वेळ मिळत नाही.

प्रश्न : माझ्या मुलाचा कन्सोल टेबलावर ठेवला की डुलतो आणि मागचे झाकण एका कोपऱ्यात उचलले गेले आहे. तो म्हणतो, "आई, चालतोय ना, राहू दे." मोठी बॅटरी आणायची असल्याने तोवर हाच वापरला तर चालेल का?

नाही. ताई, हे उत्तर वाचताच तो कन्सोल बंद करा आणि चार्जर काढून ठेवा. आतली बॅटरी फुगली आहे. सेलमधल्या रसायनांचे विघटन होऊन तयार झालेला वायू पिशवीत साठतो आणि झाकण उचलले जाते. कन्सोल चालतो आहे, यावरून बॅटरी सुरक्षित आहे असे मुळीच ठरत नाही. फुगलेल्या बॅटरीला टाचणी लावून वायू सोडायचा प्रकार काही जण सुचवतात; तो जिवावर बेतू शकतो.

बॅटरी झाकणाखाली सुटी असेल, तर झाकण उघडून ती हलक्या हाताने बाहेर येते का पाहा. डिंकाने चिकटवलेली असेल किंवा खाचेत घट्ट अडकली असेल, तर ती उचकटू नका आणि कन्सोल तसाच दुरुस्तीच्या जाणत्या माणसाकडे न्या. जाणकार अशा वेळी कडेने आयसोप्रोपाइल अल्कोहोलचे थेंब सोडून डिंक मऊ करतात आणि प्लास्टिकच्या पातळ पट्टीने बॅटरी सोडवतात. धातूचा पेचकस खाली घालत नाहीत. बाहेर काढलेल्या बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावा, ती पत्र्याच्या किंवा मातीच्या भांड्यात, कागद-कपड्यांपासून दूर ठेवा आणि लवकरात लवकर जुन्या बॅटऱ्या स्वीकारणाऱ्या केंद्रात द्या. घरच्या कचऱ्यात ती टाकली, तर कचऱ्याच्या गाडीत दाबली जाऊन पेट घेऊ शकते.

नव्या बॅटरीबाबत सांगायचे तर मूळ क्षमतेचीच घ्या. फुगलेल्या बॅटरीने खाचेच्या भिंती किंवा झाकणाच्या खुंट्या वाकवल्या असतील, तर नवी बॅटरी बसवण्यापूर्वी त्या तपासून घ्यायला सांगा. मूळ मापाचीच बॅटरी आता तिथे घट्ट बसत असेल, तर मोठीचा विचारच नको. आणि कन्सोल काही महिने वापरायचा नसेल, तेव्हा बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण संपवून ठेवू नका. निम्म्यावर आणून थंड जागी ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा पाहून पुन्हा निम्म्यापर्यंत भरा.